हप्ते झेपेनासे झाले की मदत कुठे, कशी आणि कोणत्या क्रमाने मागायची: नागपूरच्या तरुण घरांसाठी

हप्ते अंगावर आले की आपल्याकडे साधारण असं होतं. पहिले एखादं लोन ॲप, मग क्रेडिट कार्ड, मग बायकोच्या बांगड्या इतवारीत गहाण, मग साळ्याकडून उसने, आणि हे सगळं करून तीन हप्ते बाऊन्स झाले, वसुलीवाला दारात आला, की मग बँकेची पायरी चढायची. क्रम पूर्ण उलटा आहे. बँकेत पहिले जायचं असतं, बाऊन्स व्हायच्या आधी, आणि हातात कागद घेऊन. "साहेब, काहीतरी पाहा ना" असं काउंटरवर म्हणून आलो की लोकांना वाटतं आपण सांगितलं बँकेला, पण रेकॉर्डवर तुम्ही काहीच सांगितलेलं नसतं.

खालच्या पायऱ्या त्याच क्रमानं करा. दुसरी सोडून चौथीवर उडी मारली तर चौथी फसते.

तयारी: हे कागद एका फाईलमध्ये

सगळ्या लोनची सँक्शन लेटर्स आणि स्टेटमेंट, दोघांच्या खात्यांचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट, पगाराच्या तीन स्लिप, भाडेकरार, शाळेच्या फीची पावती. पगार कमी झाला असेल, नोकरी गेली असेल किंवा दवाखान्याचा खर्च आला असेल तर त्याचा पुरावा हा या फाईलमधला सगळ्यात कामाचा कागद आहे, काहून की बँक पहिले हेच विचारते की बावा अडचण आली कशानं. बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या कंपनीत ठेकेदाराकडे काम असेल आणि स्लिप मिळत नसेल तर बँक स्टेटमेंटमधल्या पगाराच्या नोंदी हायलाइट करून लावा.

पायरी १: दोघांनी बसून खरा आकडा काढणे

दोघांनी म्हणजे दोघांनीच. नवऱ्याचं एक ॲप बायकोला माहीत नाही आणि बायकोनं बचत गटातून उचललेले नवऱ्याला माहीत नाहीत, अशा घरात काढलेला आकडा खोटाच येतो आणि मग बँकेला कबूल केलेला हप्ता दुसऱ्याच महिन्यात तुटतो. भांडण व्हायचं असेल तर ते आज होऊन जाऊ द्या.

प्रत्येक कर्जासमोर लिहा: कोणाचं, बाकी किती, व्याज किती, हप्ता किती, कोणत्या तारखेला, काही गहाण आहे का, जामीनदार कोण. लोक हमखास विसरतात त्या गोष्टी म्हणजे किराण्याची उधारी, मोबाईलचा नो कॉस्ट ईएमआय, बाय नाऊ पे लेटर आणि भिशी. भिशी उचलून झाली असेल तर ती बचत नाही, कर्ज आहे, कर्जाच्या यादीत टाका. अजून उचलली नसेल तर ती चालवणाऱ्या काकूंना आजच सांगून ठेवा की या वेळी नंबर आम्हाला लवकर हवा.

क्रेडिट रिपोर्ट काढून यादीशी जुळवा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या चारही कंपन्यांना वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावा लागतो. त्यांच्या स्वतःच्या साइटवरून काढा, सिबिल दुरुस्त करून देतो म्हणणाऱ्या एजंटाकडून नाही. कधीकधी रिपोर्टमध्ये तुम्ही न घेतलेलं लोन निघतं, कोणीतरी तुमच्या आधारवर उचललेलं, ते इथेच कळतं.

आता गणित. समजा मानेवाड्यात भाड्यानं राहणारं एक जोडपं आहे, एक पोरगं शाळेत. त्याचे २९,००० आणि तिचे ट्यूशनचे १२,००० मिळून ४१,००० येतात. घरखर्च: भाडं ७,५००, किराणा ७,०००, वीज-गॅस २,२००, दूध-भाजी ४,०००, पेट्रोल २,०००, शाळा आणि रिक्षा २,८००, मोबाईल-औषधं १,५००, म्हणजे २७,०००. हप्ते: पर्सनल लोन ७,८००, गाडी ३,४००, पतसंस्था ३,५००, ॲप ४,२००, कार्डाचं मिनिमम २,९००, भिशी ३,०००, म्हणजे २४,८००. एकूण ५१,८००. दर महिन्याला १०,८०० कमी पडतात आणि ते कार्डातून किंवा नव्या ॲपमधून येतात, म्हणून कर्ज फिटत नाही, वाढतच राहतं. या घराची खरी ऐपत आहे ४१,००० वजा २७,०००, म्हणजे १४,०००. त्यातले हजार अडीअडचणीला बाजूला ठेवले तर १३,०००. बँकेत हाच आकडा घेऊन जायचं.

⚠ घरखर्च कमी दाखवून ऐपत फुगवू नका. एप्रिल-मेमध्ये कूलर दिवसरात्र चालतो, बिल दुप्पट येतं, जूनमध्ये शाळा उघडायच्या वेळी वह्या-पुस्तकं-ड्रेस येतात. वर्षाचा खर्च काढून बाराने भागा.

पायरी २: भोक बुजवणे

नवीन कर्ज बंद. जुनं फेडायला नवीन घेणं फक्त एकाच वेळी चालतं, जेव्हा नवीनचं व्याज खरंच कमी आहे, जुनं खातं त्याच दिवशी बंद होतंय आणि एकूण हप्ता घटतोय, तिन्ही गोष्टी एकदम. एरवी नाही. "सगळी कर्जं एकत्र करून देतो, पहिले प्रोसेसिंगचे पाच हजार भरा" म्हणणारा सीताबर्डीत ऑफिस थाटून बसला असला तरी त्याला पैसे द्यायचे नाहीत.

कार्डाचं मिनिमम ड्यू हा सगळ्यात मोठा सापळा आहे. मिनिमम भरलं की फोन येत नाही, म्हणून बरं वाटतं, पण उरलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागत राहतं, म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर. कार्ड वापरणं थांबवा आणि कस्टमर केअरला बाकी रक्कम ईएमआयमध्ये टाकायला सांगा. त्याचा दर सहसा बराच कमी असतो, तरी हो म्हणायच्या आधी विचारून घ्या.

सोन्याबद्दल माझं मत लोकांना आवडत नाही, तरी सांगतो. चाळीस टक्क्यांचं कार्ड डोक्यावर असताना कपाटात दागिने पडून असतील तर गहाण ठेवण्यापेक्षा एखादा डाग विकून कार्ड कायमचं बंद करणं बरेचदा स्वस्त पडतं. गहाण ठेवलं की आणखी एक हप्ता वाढतो आणि तो चुकला तर लिलावाची नोटीस येते. पण सोनं तिचं असेल तर निर्णय तिचा, सासूचा नाही आणि नवऱ्याचाही नाही.

टर्म इन्शुरन्स आणि मेडिक्लेमचा हप्ता मात्र थांबवू नका. पैसे वाचवायला लोक सगळ्यात पहिले तोच थांबवतात.

✔ तपासा: दोघांच्या फोनमधली लोन ॲप पाहिली का? ज्यांची बाकी शून्य आहे ती खाती बंद करून पोच घ्या. बाकी असेल तर नुसतं ॲप डिलीट करून कर्ज जात नाही.

पायरी ३: कोणाला पहिले, कोणाला नंतर

जो जास्त ओरडतो त्याला पहिले पैसे जातात, ही इथली सगळ्यात मोठी चूक. क्रम असा लावा.

पहिले भाडं, किराणा, वीज, पोराची औषधं आणि शाळा. वीजबिल थकलं असेल तर महावितरणच्या ऑफिसात जाऊन हप्ते पाडून मागा. शाळेलाही फीचे हप्ते लेखी मागा.

मग ज्यात काहीतरी हातचं जाईल ती कर्जं, म्हणजे घर, गहाण सोनं, आणि ज्या गाडीवर रोजी चालते ती गाडी. मग जामीनदार असलेली पतसंस्था. तिथे हप्ते थकले की सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघतो आणि जामीनदाराच्या पगारापर्यंत वसुली पोचते. तो जामीनदार तुमचाच मित्र किंवा मामेभाऊ असतो आणि त्याला हे तुमच्याकडून न कळता ऑफिसातून कळलं तर नातं गेलंच समजा. म्हणून त्याला पहिलेच सांगा. त्यानंतर पर्सनल लोन, कार्ड, ॲप. यांचे फोन सगळ्यात जास्त येतात, पण घरातलं काही थेट उचलून नेता येत नाही, त्यासाठी त्यांना कोर्टातच जावं लागतं.

पायरी ४: बँकेला लेखी अर्ज, हप्ता चुकायच्या आधी

घाई एवढ्यासाठी की बँकेचं घड्याळ लगेच सुरू होतं. हप्ता थकला की ३० दिवसांपर्यंत खातं एसएमए-० मध्ये (एसएमए म्हणजे बँकेनं थकायला लागलं म्हणून नजरेखाली ठेवलेलं खातं), ३१ ते ६० दिवस एसएमए-१, ६१ ते ९० एसएमए-२, आणि ९० दिवसांच्या वर गेलं की एनपीए, म्हणजे थकीत कर्ज. सुरुवातीच्या काळात मॅनेजर काहीतरी करू शकतो. एनपीए झालं की फाईल वसुली विभागात जाते आणि तिथल्या माणसाचं काम वेगळं असतं.

अर्ज साधा असू द्या, एका पानाचा, रडगाणं नको, आकडे हवेत:

*प्रति, शाखा व्यवस्थापक. विषय: कर्ज खाते क्रमांक ___ चा हप्ता कमी करून मुदत वाढवून मिळण्याबाबत.*
*महोदय, माझे वरील कर्ज असून मासिक हप्ता रु. ७,८०० आहे. ___ महिन्यापासून ओव्हरटाइम बंद झाल्याने माझे उत्पन्न कमी झाले आहे (पगार स्लिप जोडल्या आहेत). कुटुंबाचे मासिक उत्पन्न, खर्च व सर्व कर्जांचा तक्ता सोबत जोडला आहे. सध्या मी या खात्यात दरमहा रु. ४,५०० नियमित भरू शकतो/शकते. तरी मुदत वाढवून हप्ता त्यानुसार करून मिळावा व या काळातील दंडात्मक शुल्क माफ करावे. आपला निर्णय कृपया लेखी कळवावा.*

दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि सहीची पोच घ्या. पोच द्यायला टाळाटाळ केली तर त्याच दिवशी हाच अर्ज शाखेच्या आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या ईमेलवर टाका, किंवा सिव्हिल लाइन्सच्या जीपीओतून स्पीड पोस्टानं पाठवा. फायनान्स कंपनी असेल आणि नागपुरात तिचं नुसतं वसुली ऑफिस असेल तर वसुलीवाल्या पोराच्या हातात अर्ज देऊन काही होत नाही, ईमेलच करा.

मॅनेजर तोंडी म्हणेल, "दोन महिने थांबा, मग पाहू." थांबू नका. दोन महिन्यांत खातं एसएमए-२ ला पोचतं. मुदत वाढवली तर एकूण व्याज जास्त जाईल आणि रिस्ट्रक्चर केल्याची, म्हणजे कर्जाच्या अटी बदलून घेतल्याची नोंद क्रेडिट रिपोर्टवर दिसेल, हे खरं आहे, पण घर चालतं राहणं महत्त्वाचं.

⚠ चर्चा चालू असताना ऑटो डेबिट परस्पर बंद करू नका आणि बाऊन्सही होऊ देऊ नका. ऑटो डेबिट पैशांअभावी बाऊन्स झालं तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली चेक बाऊन्ससारखीच केस होऊ शकते. शिवाय एका बाऊन्सला दोन्हीकडून चार्ज लागतो, तुमच्या बँकेचा वेगळा आणि कर्ज देणाऱ्याचा वेगळा.

✔ तपासा: पोच, तारीख, ईमेलचा स्क्रीनशॉट फाईलमध्ये गेला का? पुढे हाच तुमचा पुरावा.

पायरी ५: वसुलीवाले आले तर

घाबरून पैसे देऊ नका आणि तावातावानं भांडूही नका. आरबीआयच्या नियमानुसार वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाहीत. बचत गटासारख्या मायक्रोफायनान्स कर्जाला तर सकाळी ९ ते संध्याकाळी ६ च. नातेवाईक, मित्र, ऑफिसातले लोक यांना फोन करून बेइज्जती करणं, शिवीगाळ, धमकी, हे सगळं बंद आहे. दारात आलेल्याला ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र मागा, फोटो काढा. फोन आला तर रेकॉर्ड करा आणि एकच वाक्य बोला: अर्ज दिलाय, पोच आहे, उत्तर लेखी द्या. रोख पैसे हातात द्यायचे नाहीत, जे भरायचं ते कर्ज खात्यातच.

"उद्या पोलीस घेऊन येतो" असं म्हणतात. कर्ज थकलं म्हणून पोलीस अटक करत नाहीत, तो दिवाणी मामला आहे. व्हॉट्सॲपवर येणाऱ्या अशोकस्तंभ छापलेल्या अटकेच्या नोटिसा बहुतेक खोट्या असतात. पण एका नोटिशीला कधीच केराची टोपली दाखवू नका: चेक बाऊन्सची, कलम १३८ ची. ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरावे लागतात, नाहीतर फौजदारी केस उभी राहते. घराच्या कर्जावर सरफेसीची (बँकेला कोर्टात न जाता गहाण घर ताब्यात घेऊ देणारा कायदा) ६० दिवसांची नोटीस आली तर तीही तशीच गंभीर, लगेच लेखी आक्षेप द्या आणि वकील गाठा. पुढची दाद नागपूरच्याच कर्ज वसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत मागता येते, पण बँकेनं ताब्याची कारवाई केल्यापासून ४५ दिवसांच्या आत.

पायरी ६: तक्रार योग्य दारात

इथे लोक भयंकर गोंधळ करतात, पतसंस्थेची तक्रार आरबीआयकडे आणि ॲपची तक्रार बँकेकडे. नीट पाहा:

१. बँक किंवा फायनान्स कंपनी: पहिले त्यांच्याकडेच लेखी तक्रार. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर आरबीआयच्या ओम्बड्समनकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन या साइटवर. फी नाही, वकील लागत नाही, माहितीसाठी फोन १४४४८. संविधान चौकातल्या आरबीआयच्या बिल्डिंगीत जाऊन उभं राहायची गरज नाही. हेही समजून घ्या की ओम्बड्समन तुमचा हप्ता कमी करून देत नाही, तो बँकेचा व्यावसायिक निर्णय मानला जातो. पण छळ, चुकीचे चार्ज, अर्जाला उत्तरच न देणं, यासाठी तिथे दाद मिळते.

२. पतसंस्था: ही आरबीआयखाली येत नाही. सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे जा.

३. सावकार: बिगरशेती कर्जावर परवानाधारक सावकाराला तारण असेल तर वर्षाला १५ टक्के आणि विनातारण १८ टक्क्यांपर्यंतच व्याज घेता येतं. "पाच टक्के महिना" म्हणजे वर्षाला साठ. परवाना नसेल तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे लेखी तक्रार द्या. कोरे चेक, सही केलेला स्टॅम्प पेपर, फोनपेचे व्यवहार, जे असेल ते लावा. तुमचा कोरा चेक त्याच्याकडे असेल तर त्याचा नंबर तक्रारीत लिहा म्हणजे उद्या त्यानं तो बँकेत टाकला तरी तुमचं म्हणणं रेकॉर्डवर असतं.

४. लोन ॲप: आरबीआयच्या साइटवरच्या डिजिटल लेंडिंग ॲपच्या यादीत नाव आहे का पाहा. कॉन्टॅक्ट लिस्ट आणि फोटो गॅलरी उघडून मागायचा अधिकार ॲपला नाही. फोटो मॉर्फ करून धमकी आली तर पैसे न देता १९३० वर फोन करा आणि सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाका. बेकायदा कर्ज देणाऱ्यांसाठी आरबीआयचं सचेत पोर्टलही आहे.

पायरी ७: फुकट वकील आणि लोक अदालत

सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तिथे मोफत कायदेशीर मदत मिळते. महिला, एससी-एसटी, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट नाही, बाकी बहुतेकांना आहे. म्हणजे कर्जात बायको सहकर्जदार असेल तर तिच्या नावानं अर्ज करा. हेल्पलाइन १५१००.

लोक अदालतीची नोटीस आली की लोक घाबरून जातच नाहीत. ते समन्स नाही, तडजोडीचं बोलावणं आहे, जा. तिथे बँकेचा माणूस बरेचदा शाखेपेक्षा मोकळ्या हातानं बोलतो. पण तिथे झालेल्या निवाड्यावर अपील नसतं, तो कोर्टाच्या हुकुमासारखाच लागू होतो, म्हणून पायरी १ मधल्या तुमच्या आकड्यात बसत नसेल त्या रकमेवर गर्दीत, घाईत सही करू नका. विचार करून सांगतो म्हणता येतं.

घरात कोणाला झोप लागत नसेल, जगायची इच्छाच राहिली नाही असं कोणी बोलत असेल, तर ही पायरी, ती पायरी सोडा, पहिले १४४१६ वर टेलि-मानसला फोन लावा. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

पायरी ८: सेटलमेंट, अगदी शेवटी

"पन्नास टक्के भरा, विषय संपवा" असा फोन येतो तेव्हा मोह होतो. करायचंच असेल तर क्रम असा. पहिले बँकेच्या लेटरहेडवर किंवा अधिकृत ईमेलवरून सेटलमेंट लेटर, त्यात रक्कम, शेवटची तारीख आणि उरलेली बाकी माफ झाल्याचं स्पष्ट वाक्य. मग पैसे, फक्त कर्ज खात्यात. मग नो ड्यूज सर्टिफिकेट, म्हणजे काही बाकी नसल्याचा दाखला. एजंटाच्या यूपीआयवर भरलेले पैसे कर्जात जमा होतील याची काहीच खात्री नसते.

रिपोर्टमध्ये खातं "क्लोज्ड" नाही, "सेटल्ड" दिसेल, आणि पुढे घराचं कर्ज मागताना बँक हे पाहते. म्हणून हप्ता कमी करून पूर्ण फेडता येत असेल तर सेटलमेंट करू नका असंच मी सांगीन. घर गहाण होतं आणि कर्ज पूर्ण फिटलं तर मूळ कागदपत्रं बँकेनं ३० दिवसांत परत करायची असतात, उशीर तिच्यामुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते.

✔ शेवटची तपासणी: १ जानेवारी २०२५ पासून बँकांना निदान दर पंधरवड्याला क्रेडिट कंपन्यांना माहिती पाठवावी लागते, म्हणून खातं बंद झाल्यावर महिना-दीड महिन्यानं रिपोर्ट परत काढा. जुनीच बाकी दिसत असेल तर नो ड्यूज लावून त्या क्रेडिट कंपनीकडे आणि बँकेकडे, दोन्हीकडे तक्रार टाका. ३० दिवसांत दुरुस्त झालं नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मागता येते, तक्रारीची तारीख जपून ठेवा.